रेघ कोण ओढतो?

कराड जिल्हा झाला पाहिजे, अशी मागणी आमच्या भागात अधूनमधून उठते. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातून माणदेश जिल्ह्याची हाक येते. निवेदने दिली जातात, शिष्टमंडळे मुंबईला जातात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि निवडणूक पार पडली की सारे सामसूम. या सगळ्यात आंबेडकरी चळवळीचा कार्यकर्ता कुठे असतो? एक तर तो प्रस्थापितांच्या मोर्चात मागच्या रांगेत उभा असतो, नाही तर ‘जिल्हा साताऱ्याला राहिला काय आणि कराडला आला काय, आपल्या वस्तीला काय फरक पडतो?’ असे म्हणून घरी बसलेला असतो. या दोन्ही भूमिका आम्हाला मान्य नाहीत. जिल्ह्याची, तालुक्याची, गावाची, प्रभागाची रेघ कुठून जाते यावर कोणाची संख्या मोठी दिसणार, कोणाचे मत विरून जाणार, कोणाला एका दाखल्यासाठी दोन एस.टी. बदलाव्या लागणार आणि कोणाचे घर सरकारदरबारी घर म्हणून नोंदले जाणार, हे ठरते. आणि ही रेघ ओढली जाते तेव्हा आपण तिथे हजर नसतो, हे आमचे दुखणे आहे.

खरे म्हणजे हद्द या विषयात आपल्या समाजाइतका जाणकार समाज महाराष्ट्रात दुसरा नव्हता. गावगाड्यात शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. गावाची शीव कुठल्या ओढ्यापासून कुठल्या दगडापर्यंत, हे महाराला विचारून ठरे. ज्याला गावाची सीमा तोंडपाठ, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर! साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची ती महाराने, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे तेही महाराने. तालुक्याचे ठाणे गावापासून किती कोस, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी पायांनी मोजलेले आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. वतन गेले ते मात्र बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याच्या कायद्याने. वतनाबरोबर शिवेचे ज्ञान गेले याचे आम्हाला दुःख नाही, ते गुलामीत मिळालेले ज्ञान होते. पण त्याच्या जागी हद्दीच्या कायद्याचे ज्ञान यायला हवे होते. ते आले नाही.

तेव्हा आधी कायदा पाहू. राज्याची हद्द बदलायची तर संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेला कायदा करावा लागतो. जिल्ह्याचे तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ प्रमाणे जिल्हे, उपविभाग, तालुके आणि गावे यांच्या हद्दी राज्य सरकार राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरवते आणि अधिसूचनेनेच बदलते. विधानसभेत हात वर करण्याची गरज नाही. मात्र त्याच कलमात आगाऊ प्रसिद्धीची अट घातलेली आहे. म्हणजे मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मगच अंतिम अधिसूचना काढायची. पंचायत राज्यातही तेच. अनुच्छेद २४३ मध्ये गावाची व्याख्या काय आहे? राज्यपालांनी अधिसूचनेने गाव म्हणून जाहीर केलेले ते गाव. म्हणजे गाव ही अनादी काळापासून चालत आलेली पवित्र वस्तू आहे असे जे आम्हाला शाळेत शिकवले गेले, ते संविधानाला मान्य नाही. सरकारने कागदावर लिहिले म्हणून ते गाव, आणि कागदावर लिहिलेले बदलता येते. वकिली करताना आम्ही पाहतो, आपली माणसे सरकारविरुद्ध हायकोर्टात जायला एका पायावर तयार असतात. पण हरकतीच्या मुदतीत तहसील कचेरीत जाऊन एक अर्ज देऊन पोच घ्यायला कोणी जात नाही. मुदत संपली की मग आमच्या दारात येतात.

आमचा सातारा हा तर एकदा चिरलेला जिल्हा आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. जुन्या साताऱ्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे भाग सांगली, मिरज, जत या संस्थानांच्या मुलखाबरोबर दक्षिण साताऱ्यात गेले. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. आज साताऱ्यात ११ तालुके आहेत, सांगलीत १०. (१ ऑगस्ट हा लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचाही जन्मदिवस. त्यांचे वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात आहे. जयंती मात्र रेघेच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच जोरात होते.) मलकापूरहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की अर्ध्या तासात सांगली जिल्हा लागतो. बोली तीच, सोयरीक तीच, ऊसही तोच. रस्त्यावर रेघ कुठे दिसत नाही.

ती दिसते जातीच्या दाखल्याच्या वेळी. अनुसूचित जातीचा दाखला मागणाऱ्याला १० ऑगस्ट १९५० रोजी आपले कुटुंब कुठे राहत होते याचा पुरावा द्यावा लागतो आणि दाखला देण्याचा अधिकार त्या मूळ ठिकाणच्या प्रांताधिकाऱ्याला असतो. आता मलकापुरात जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला मुलगा घ्या. आजोबा वाळवा तालुक्यातले, वडील कामधंद्यासाठी इकडे आले. त्याला कराडच्या कचेरीतून परत पाठवतात, आणि कायद्याने ते बरोबरच असते. मग तो मूळ गावच्या तालुक्याला जातो, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात आजोबांची जन्मनोंद शोधतो. गाव पूर्वी संस्थानात असले तर जुने दप्तर आणखी तिसऱ्याच ठिकाणी. पुढे वैधतेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती, तीही शेजारच्या जिल्ह्याची. अशी प्रकरणे आमच्याकडे दरवर्षी जून-जुलैत येतात, प्रवेशाची शेवटची तारीख डोक्यावर आलेली असताना. बाप हातावरचे पोट असलेला, चार दिवस कचेऱ्यांत घालवले की चार दिवसांची मजुरी बुडाली. जिल्ह्याची रेघ १९४९ ची आणि पुराव्याची तारीख १९५० ची. मध्ये जेमतेम एक वर्ष. त्या एका वर्षाच्या आगेमागे सरकारने काय आखले, याची किंमत आज नातवंडे मोजत आहेत.

अंतराला जात नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी मसूर स्टेशन आठवावे. १९०१ साली बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. मसूर हे सर्वांत जवळचे स्टेशन. चांगल्या कपड्यांतली ही मुले महार आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, एक तयार झाला. रात्र पाण्यावाचून काढून मुले दुसऱ्या दिवशी पोचली. मसूर आज कराड तालुक्यात आहे, आम्ही कामानिमित्त तिथून नेहमी जातो. नकाशावर मसूर ते गोरेगाव हे अंतर सवर्णाच्या मुलाला आणि भीमरावाला सारखेच होते. प्रत्यक्षात सारखे होते काय? कचेरी लांब असली की गरिबाला त्रास होतो हे सगळेच सांगतात. लांबच्या रस्त्यावर कोणाच्या गाडीत बसायचे, कोणाच्या दारात पाणी मागायचे, रात्री कुठे टेकायचे, हे प्रश्न ज्याला पडतात त्याच्यासाठी तेच अंतर दुप्पट होते.

म्हणून कचेरी जवळ आली पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ ची सारी यंत्रणा जिल्हा या एककावर उभी आहे. कलम १४ मधली विशेष न्यायालयाची तरतूद जिल्हा धरून केलेली आहे. १९९५ च्या नियमांतली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा बसायला हवी. समाजकल्याणची कचेरी जिल्ह्याला, पडताळणी समिती जिल्ह्याला. कराडपासून सातारा पन्नासएक किलोमीटर. पाटण तालुक्यातल्या कोयनेकाठच्या वाडीवरून निघालेल्या फिर्यादीला तर कराडला यायलाच अर्धा दिवस जातो.

पण नुसता जिल्हा झाल्याने कचेरी जवळ येते काय? १९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघाला. आदिवासींसाठी जिल्हा, असा त्याचा गाजावाजा झाला. आदिवासींची मागणी काय होती? मुख्यालय जव्हारला करा. मुख्यालय झाले रेल्वेच्या रुळालगत, पालघरला. मोखाड्याच्या पाड्यावरची बाई आधी लांबच्या ठाण्याला जात होती, आता डोंगर उतरून पालघरला जाते. जिल्हा मुख्यालयाची स्वतःची इमारत उभी राहायलाही सात वर्षे लागली. तेव्हा जिल्हा मागताना मुख्यालय कुठे, हा प्रश्न त्याच अर्जात लिहिला पाहिजे. मुख्यालय ठरते तिथल्या जमिनीचे भाव आधी वाढतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको. त्या जमिनी कोणाच्या नावावर असतात, तेही!

एकक लहान हवे की मोठे, हा या विषयातला अवघड प्रश्न. इथे बाबासाहेबांचे विचार वरवर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी महाराष्ट्राची चार भागांत विभागणी सुचवली : मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. राज्याचा आकार वाढत जातो तसे अल्पसंख्याकांचे बहुसंख्याकांशी प्रमाण घटत जाते आणि एका मोठ्या जातीचे राज्य पक्के होते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे बाबासाहेब लहान एककाच्या बाजूचे. पण हेच बाबासाहेब १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत बिलाच्या विरोधात उभे राहिले होते आणि अस्पृश्यांना राखीव जागा मिळाल्याशिवाय गावाच्या हाती सत्ता देऊ नका म्हणून बजावत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाला राज्यघटनेचा पाया करण्याची कल्पना त्यांनी साफ झिडकारली आणि व्यक्ती हा एकक मानला. गावापेक्षा लहान एकक कोणते? मग राज्य लहान हवे आणि गावाला सत्ता नको, हे कसे?

आमच्या मते यात विसंगती काहीही नाही. बाबासाहेब चौरस मैल मोजत नव्हते. त्या रेघेच्या आत आपले प्रमाण किती, जमीन कोणाच्या हातात आणि अंमलदार कोणाच्या ताटाखालचा, हे ते मोजत होते. गावात आपण मूठभर, जमीन दुसऱ्याची, पाटील-तलाठी दुसऱ्याचे. तिथे सत्ता उतरवणे म्हणजे जुलमाला शिक्का देणे. म्हणून तर १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र गावांचा ठराव झाला, आणि १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या मसुद्यात बाबासाहेबांनी सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवण्यासाठी वसाहत आयोग मागितला. हा साधा घरबांधणीचा कार्यक्रम नव्हता. आपण जिथे बहुसंख्य असू अशा हद्दी निर्माण करण्याचा तो कार्यक्रम होता. आपल्याकडे त्याची चर्चा किती होते?

ज्यांना हे केवळ आपल्याच देशातले दुखणे वाटते, त्यांनी व्हिएतनामकडे पाहावे. बौद्ध परंपरेचा, परकीयांशी झुंजलेला तो देश. तिथे प्रांत, त्याखाली ग्रामीण भागात आपल्या तालुक्यासारखा एक थर आणि त्याखाली गावांचे गट, अशी तीन मजली रचना होती. डोंगराळ उत्तरेत थाई, म्याओ (ह्मोंग), ताय, नुंग असे अल्पसंख्य जनसमूह राहतात. १९५५-५६ च्या सुमारास त्यांच्यासाठी दोन स्वायत्त प्रदेश आखले गेले होते. युद्ध संपले आणि १९७५ साली ते दोन्ही पुसले गेले. पुढे प्रांत एकत्र झाले, पुन्हा फुटले, आणि १ जुलै २०२५ पासून त्या सरकारने मधला तालुक्याचा थरच काढून टाकला. ६९६ एकके एका फटक्यात बरखास्त. प्रांत ६३ होते ते ३४ केले, गावगट १०,०३५ होते ते ३,३२१ केले. खर्च वाचेल, कारभार लोकांच्या जवळ जाईल, असे सरकार सांगते. तालुक्याचे बरेचसे अधिकार खाली गावगटाकडे दिले, ही गोष्ट चांगलीच. पण तीन गावगटांचा एक केला म्हणजे ज्या डोंगरी समूहाची आपल्या गटात संख्या होती तो मोठ्या गटात मिसळला, आणि कचेरी दोन डोंगर पलीकडे गेली, असे काही ठिकाणी होणे अटळ आहे. कम्युनिस्ट असो की काँग्रेसवाला, भगवा असो की आणखी कोणी, रेघ ओढणाऱ्याला मोठी संख्या सोयीची वाटते. आपल्याकडे निदान हरकतीची मुदत तरी आहे.

आता मलकापूरची गोष्ट. कराडच्या कडेला, महामार्गावर वाढत गेलेले हे गाव. वर आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, आणि शेजारच्या कराडचे जुने नाव भारहुतच्या स्तूपावरील दानलेखांत आलेले आहे. इथला कोणी उपासक दोन हजार वर्षांपूर्वी तिथवर दान देऊन गेला. पुढे शिलाहारांच्या काळात ‘करहाट चार हजार’ असा प्रांतच होता. म्हणजे कराड जिल्हा मागणारे फारसे नवीन काही मागत नाहीत! ते असो. मलकापूर हे ग्रामपंचायतीचे गाव होते, मग नगरपंचायत झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये नगरपरिषदेची निवडणूक झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३१,६७१. चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे गावाचे नाव देशभर झाले. घरात रात्रंदिवस नळाला पाणी येते, ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे वारसदार असलेल्या आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही. नळाला शिवाशीव नसते.

पण गावाचे शहर झाले तेव्हा दुसऱ्या बाजूला काय गेले? ग्रामसभा गेली. ज्या सभेत कोणीही मतदार उठून सरपंचाला प्रश्न विचारू शकत होता, तिच्या जागी सभागृह आले आणि आपण प्रेक्षक झालो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करण्याचे बंधन होते. त्याचा हिशेब मागायला आपले कार्यकर्ते नुकते कुठे शिकले होते, तर नगरपरिषदेचे हिशेब वेगळे निघाले. ग्रामीण रोजगाराची योजना गेली. रमाई घरकुल ग्रामीणच्या यादीतून शहरीच्या यादीत गेले, दलित वस्तीचा निधी जिल्हा परिषदेच्या योजनेतून नागरी योजनेत गेला. कागदपत्रे नव्याने, फेऱ्या नव्याने. आमचा शहर होण्याला विरोध नाही. बाबासाहेबांनी खेडी सोडून शहराकडे चला असेच सांगितले. बसल्या जागी शहरच आपल्याकडे चालत आले तर वाईट काय? वाईट एवढेच, की ते येताना आपले कोणते हक्क कोणत्या कपाटातून कोणत्या कपाटात गेले, याची यादी आपल्यापैकी कोणी केली नाही.

प्रभागांचे गणित याहून बारीक. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ३०,०३,७४१ होती आणि त्यात अनुसूचित जाती सुमारे ११ टक्के. राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात, त्यांची संख्या कोणी खाऊ शकत नाही. पण ती जागा कुठे पडणार? समजा एका मोठ्या गावात रस्त्याकडेला आपली सलग सहाशे माणसांची वस्ती आहे. सारी वस्ती एका प्रभागात राहिली तर तिथे आपले प्रमाण निम्म्यावर जाईल आणि आपला माणूस आपल्या मतांवर निवडून येईल, प्रभाग राखीव असो वा खुला. तीच वस्ती मधल्या ओढ्याचे निमित्त करून तीन प्रभागांत दोनशे-दोनशे अशी कापली, तर तिन्हीकडे आपण शेपटाला. मग राखीव जागेवर जो निवडून येतो तो जातीने आपला आणि मताने वाड्यावरचा. त्याने सभागृहात तोंड उघडले नाही की आपण त्याला शिव्या घालतो. शिव्या त्या रेघेला घालायला हव्यात! प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध होते, तिचा नकाशा कचेरीत लावला जातो, हरकतींसाठी मुदत असते, सुनावणी होते. प्रस्थापितांची माणसे त्या नकाशापुढे फूटपट्टी घेऊन उभी असतात. आपली माणसे आरक्षणाच्या सोडतीला गर्दी करतात. सोडतीत चिठ्ठी निघते तोवर निम्मी निवडणूक झालेली असते.

सर्वांत जवळची रेघ गावठाणाची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याचे भीमनगर झाले, समतानगर झाले. स्वागतच आहे. पण पाटी बदलली तरी भीमनगर गावठाणाच्या आत आले काय? २०२० पासूनच स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणे सुरू झाले. त्या पत्रिकेवर कर्ज मिळते, वारस लागतो, घर विकता येते. गावकुसाबाहेर गायरानात किंवा जुन्या महारकीच्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्याला तो लाभ आपोआप मिळत नाही, कारण त्याचे घर गावठाणाच्या रेघेबाहेर आहे. गावकूस पडून गेले, दगड लोकांनी जोत्याला वापरले, पण भूमी अभिलेखच्या नकाशात ते अजून उभे आहे. महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. आपल्या किती वस्त्यांनी गावठाण विस्ताराचा रीतसर प्रस्ताव ग्रामसभेत ठराव करून पाठवला? नामकरणाच्या फलकाच्या अनावरणाला जेवढी माणसे जमली, त्यातली पाच त्या ठरावासाठी जमली असती तरी पुष्कळ झाले असते.

रेघ आपल्या बाजूने सरकू शकते, याचे ताजे उदाहरण आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापूरला व्हावे म्हणून सहा जिल्ह्यांतल्या आम्ही वकिलांनी काही दशके आंदोलन केले. अखेर १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. उद्घाटनाला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई होते, ज्यांच्या घराण्याचे चळवळीशी नाते सर्वांना माहीत आहे. मलकापूरहून कोल्हापूर पाऊणशे किलोमीटर, मुंबई तीनशेच्या वर. अत्याचाराच्या खटल्यात आरोपीच्या जामिनाला विरोध करायला पीडित कुटुंबातली बाई सकाळची एस.टी. धरून जाते आणि रात्री आपल्या घरी येते. पूर्वी मुंबईत मुक्काम कुठे करायचा, इथपासून तयारी असे. पुष्कळ जण जातच नसत आणि कोर्टापुढे त्यांचे म्हणणे येत नसे.

आता मुद्दा वेळेचा. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशभरच्या प्रशासकीय हद्दी गोठवण्यात आल्या. गणना पूर्ण होईपर्यंत नवा जिल्हा, नवा तालुका होणार नाही. फलक कितीही लागोत. १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भ दिनांक आहे आणि या वेळी जातींचीही नोंद होणार आहे. हद्दी पुन्हा खुल्या होतील तेव्हा नवी आकडेवारी सरकारच्या हातात असेल आणि पुढची सारी वाटणी त्यावर होईल. तेव्हा प्रगणक दारात येईल त्या वेळी धर्म बौद्ध आणि जात जी असेल ती, या दोन्ही नोंदी नीट झाल्या की नाही हे पाहणे, हा हद्दीच्या लढ्याचाच भाग आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, त्यामुळे बौद्ध लिहिल्याने हक्क जातो ही भीती कोणी बाळगू नये आणि कोणी घातली तर ऐकू नये.

कराड जिल्ह्याला आमचा पाठिंबा आहे की विरोध, असे आम्हाला मित्र विचारतात. आमचे उत्तर अटींवर आहे. नव्या जिल्ह्यात पहिल्या दिवसापासून अत्याचाराच्या खटल्यांचे विशेष न्यायालय, पडताळणी समिती आणि समाजकल्याणची कचेरी राहील काय? पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी प्रांताची दप्तरे पाटणलाच राहतील काय? रेघ बदलल्यामुळे ज्यांचे मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, त्यांच्या दाखल्यांसाठी दोन्हीकडची दप्तरे एका ठिकाणी पाहता येतील, अशी तरतूद अधिसूचनेतच होईल काय? आणि नव्या जिल्हा परिषदेचे गट आखताना सलग वस्त्या कापल्या जाणार नाहीत, याची हमी कोण देणार? एकाच कारखान्याच्या, एकाच बँकेच्या आणि एकाच शिक्षणसंस्थेच्या ताब्यातला आटोपशीर जिल्हा हवा असेल, तर तो त्यांनी आपल्या घरात करावा.

हे प्रश्न आजच लेखी विचारता येतात. दोन-तीन तरुण वकील, भूमापनाचे काम जाणणारा एखादा निवृत्त कर्मचारी आणि प्रत्येक वस्तीतला एक जण एवढी माणसे तालुक्यात मिळायला हरकत नाही. गावठाणाचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयातून फी भरून नकला मिळतात, मागच्या प्रभाग रचनेचे नकाशे माहितीच्या अधिकारात मिळतात. आम्ही मलकापूर आणि आसपासच्या दहा वस्त्यांचे नकाशे मागवायला सुरुवात केली आहे. ज्यांना आपल्या तालुक्यात हे काम करायचे असेल त्यांनी अर्ज करताना गट नंबर आणि नगर भूमापन क्रमांक दोन्ही लिहावेत. एकच लिहिला तर अर्ज परत येतो आणि महिना जातो.